दातांनी ऐकणारा काशामिस्त्री

गेल्या महिन्यात नाशिकला एका चौकात माझी रिक्षा बंद पडली. शेजारच्या गॅरेजमधून एक माणूस आला, त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "कानाला काय लावताय, दातांत धरा." तो आणि रिक्षावाला, दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. साठीकडे झुकलेली बाई, हातात भाजीची पिशवी आणि सल्ला हा असा. मी गुपचूप दुसरी रिक्षा केली. पण घरी पोचेपर्यंत काशामिस्त्री काही डोळ्यांपुढून हलला नाही.

तलासरीच्या शाळेत मी मराठी शिकवत होते तेव्हा माझी भाड्याची खोली त्याच्या गॅरेजच्या मागे होती. गॅरेज म्हणजे चार लोखंडी पाइप, वर पत्रे आणि खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. मागच्या भिंतीला लागून त्याचं घर. काशिनाथ तांडेल हे नाव विजेच्या बिलापुरतं. एरवी अख्ख्या तालुक्याला तो काशामिस्त्रीच. हाडापेराने मोठा, खाकी अर्धी चड्डी, कधीकाळी पांढरं असलेलं बनियन आणि आवाज असा की समोरच्या चिंचेवरचे बगळे उडावेत. तो हळू बोलायला लागला की हायवेवरचे लोक वळून बघत.

माझी स्कूटर पहिल्याच आठवड्यात फटफटायला लागली, तशी मी ती त्याच्यापुढे नेली. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तो गुडघ्यावर बसला, स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवला आणि लाकडी मूठ चक्क दातांत धरली. उसाचं कांडं सोलायला घेतल्यासारखा जबडा आवळला आणि मला हातानेच खूण केली, चालू कर म्हणून. मग थुंकून म्हणाला की प्लग ठीक आहे, वॉल्व्ह सैल झालाय. तासाभरात स्कूटर मांजरासारखी गुरगुरायला लागली. दुसऱ्या दिवशी शाळेत मी हे कौतुकाने सांगितलं तर आमचे शिपाई हसायला लागले. म्हणाले, बाई, तो ठार बहिरा आहे.

ठार नव्हता, पण फार काही उरलंही नव्हतं. मोठ्याने बोललेलं आणि ओठांवरून ताडता येईल तेवढंच त्याला कळायचं. हंसावहिनी, त्याची बायको, मला हे सगळं भांडी घासता घासता सांगायची. मूळचा तो चिंचणीचा, कोळ्याचा पोर. तरुणपणी थोरल्या भावाच्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. बोटीच्या पोटात त्या धडधडणाऱ्या इंजिनाला चिकटून त्याने वर्षं काढली आणि कान तिथेच ठेवून आला. एकदा भर समुद्रात जाळ्याचा दोर पंख्यात जायला लागला. भाऊ वरून ओरडला, इंजिन बंद कर. याला ऐकूच आलं नाही. एका खलाशाचा हात जायचा तो थोडक्यात वाचला. किनाऱ्याला लागल्यावर भाऊ एवढंच म्हणाला, "उद्यापासून येऊ नको." त्यात भावाची चूक नव्हती. होडीवर ज्याला हाक ऐकू येत नाही तो माणूस सगळ्यांच्या जिवावर बेततो. हे काशामिस्त्रीही मान्य करायचा. पण त्यानंतर तो किनाऱ्यावर राहिला नाही. समुद्राचा वास येणार नाही इतक्या आत, तलासरीला येऊन त्याने पत्रे ठोकले.

"कान गेले तरी इंजिन गेलं नाय," तो म्हणायचा. "इंजिन हाडांत असतं."

हाडांतून जे कळत नसे ते तो लोकांना विचारून घेई. त्याची एक ठाम समजूत होती की गाडीला तोंड नाही, तेव्हा तिच्या नातेवाइकांना विचारावं. नातेवाईक म्हणजे मालक किंवा ड्रायव्हर नव्हेत. त्यांच्यावर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. ड्रायव्हर आपली चूक झाकतो, पॅसेंजर कशाला झाकेल, असा त्याचा हिशेब.

एकदा डहाणूहून येणारी भरलेली शेअर जीप त्याच्याकडे आली. ड्रायव्हरची तक्रार, गाडी मिसिंग मारते, मधेच झटके देते. लोक उतरायला लागले तर काशामिस्त्री दारातच आडवा उभा. कोणी उतरायचं नाही, आधी जबानी. मग एकेकाची उलटतपासणी सुरू झाली. झटका कुठे बसला? चढावर की उतारावर? वास आला का, कसला? एका आजोबांच्या मांडीवर कोंबडा होता. ते म्हणाले, मला काही कळलं नाही पण कोंबडा दर वेळी फडफडला. काशामिस्त्रीने कोंबड्याकडेही आदराने पाहिलं. शेवटी मागच्या सीटवरची चिंचणीची सुकट विकणारी बाई वैतागून म्हणाली, माझी पाटी दर खेपेला उजवीकडे घसरते आणि लगेच झटका बसतो, आता सोड मला, बाजार उठेल. पाटी उजवीकडे घसरते म्हणजे गाडी डावीकडे वळते. त्याने बॉनेट उघडलं. डाव्या वळणावर इंजिन जरासं कलायचं आणि प्लगची सोललेली वायर लोखंडाला टेकायची. चिकटपट्टी लावून दोन मिनिटांत काम झालं. त्या बाईला त्याने हात जोडले, तर ती पाटी डोक्यावर घेत म्हणाली की मेल्या, हात नको जोडू, सुकट घे.

नरपडचा एक टेम्पोवाला मात्र त्याच्याकडून कायमचा कानाला खडा लावून गेला. गाडी तापते म्हणून आला आणि शपथेवर सांगायला लागला की रेडिएटरमध्ये मी नळाचंच पाणी घालतो. काशामिस्त्रीने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. म्हणाला, हे पाणी नळाचं असेल तर तुझा नळ समुद्रात आहे. मासळी भरायला टेम्पो थेट वाळूवर उतरवायचे, तिथे पाणी आटलं तर समोर अख्खा दर्या, मग लांब कोण जातो? आतल्या नळ्या मिठाने खाऊन चाळणी झाल्या होत्या. नंतर त्याने मला खासगीत सांगितलं की बोटीवर आपण समुद्राच्याच पाण्याने इंजिन गार करतो, तेव्हा बिचाऱ्याचं काही चुकलं नाही, फक्त तो जमिनीवर होता.

त्याच्या मुलीने, ती वापीला दिलेली, एकदा हौसेने कानाचं मशीन आणलं. सकाळी त्याने ते लावलं आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्याचा चेहरा पार उतरला. पत्र्यावर कावळा चालतो तेही ऐकू येतं, हायवे रात्रंदिवस ओरडतो आणि हंसा, ही हंसा एवढं बोलते? हंसावहिनी इतकी वर्षं त्याच्या पाठीमागे उभं राहून मनातलं सगळं मोकळेपणी बोलत आली होती. त्या दिवशी तिची फार पंचाईत झाली. संध्याकाळी मशीन जुन्या प्लगांच्या डब्यात गेलं. "चांगलं हाय," तो म्हणाला, "पण आत गर्दी फार." वहिनीने मला चहा देताना सुटकेचा नि:श्वास टाकला. तिला बोलायला तेवढीच तर जागा होती.

आता त्याच्या जाळ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. भातकापणी झाली की डोंगराकडच्या रस्त्यांवर पेंढ्याचा चुरा, कुसळं आणि किडे यांचं राज्य असतं. ते गाडीच्या तोंडातून आत शिरून रेडिएटरच्या पापुद्र्यांत अडकतात. काशामिस्त्रीने त्यावर आपल्या डोक्याने तोड काढली होती. चिंचणीहून भावाकडून तो बोंबील धरायच्या जुन्या जाळ्यांचे बारीक विणीचे तुकडे मागवायचा आणि आलेल्या प्रत्येक गाडीच्या रेडिएटरपुढे ते तारेने आवळून बांधायचा. भावाशी त्याचं एरवी बोलणं नव्हतं, पण जाळं यायचं. "जाळं पाणी अडवत नाय," तो छाती फुगवून सांगायचा, "मग वारा काय अडवणार?" मला हे बिनतोड वाटलं होतं. तालुक्यात निम्म्या गाड्यांच्या तोंडाला ते जाळं दिसायचं आणि लोक त्याला मिस्त्रीचं जाळं म्हणत.

रघू वरठाच्या व्हॅनलाही ते होतं. रघू तलासरीच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरचा, भात आणि नाचणी करणारा शेतकरी. त्याची आई जानकी, काडीसारखी बाई, तिची मूत्रपिंडं निकामी झालेली. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला डायलिसिसला वापीच्या दवाखान्यात न्यावं लागे. त्यासाठीच रघूने ही जुनी पेट्रोलची व्हॅन घेतली होती. पाड्यावर दुसरी गाडी नव्हती. पहाटेची एकच एसटी यायची, तीही पाड्यापासून बरीच लांब, आणि जानकीला चालवत नव्हतं.

पावसाळा संपला आणि व्हॅन तापायला लागली. चढावर काटा वर जायचा, इंजिन मिसिंग मारायचं, मग ती थांबवून गार करत बसायचं. एका गॅरेजवाल्याने वॉटर पंप बदलला. दुसऱ्याने सांगितलं, तापणं वेगळं आणि मिसिंग वेगळं, आणि प्लग, वायर, कॉईल सगळं नवं घातलं. फरक पडला नाही तेव्हा रघू काशामिस्त्रीकडे आला. दवाखान्यातून परत येताना, भर दुपारी. काशामिस्त्रीने पुढची सीट उचलली, खालच्या इंजिनला स्क्रूड्रायव्हर लावून दातांत धरला आणि म्हणाला की तिन्ही सिलिंडर एका तालात आहेत, काही बिघाड नाही, रेडिएटर आतून साफ करू. साफ केला, जाळं काढलं होतं ते पुन्हा छान आवळून बांधलं आणि गाडी दिली.

त्याच गुरुवारी व्हॅन हायवेवर बंद पडली. वाफेचा नुसता धूर. जानकी रस्त्याकडेला उन्हात बसून राहिली. एका ट्रकवाल्याने दया येऊन त्यांना वापीला पोचवलं तोवर तिची वेळ टळून गेली होती. अंगात पाणी भरलं, श्वास लागला, रात्रभर तिला दवाखान्यातच ठेवलं. घरी आल्यावर ती मुलाला म्हणाली, पुरे झालं आता, मी नाही जात. मेले तर घरात मरेन, रस्त्यावर नको.

शनिवारी दुपारी रघू व्हॅन घेऊन गॅरेजपुढे थांबला तेव्हा मी दारातच पेपर तपासत बसले होते. इतका गरीब स्वभावाचा तो माणूस, पण त्या दिवशी त्याचे डोळे लाल होते. मोठ्याने बोलायचं हे तो विसरला नव्हता. "तुमाला ऐकूच येत नाय," तो म्हणाला. "सगळा नाका बोलतो. मना पयले का नाय सांगितलं? माजी आय मरायला टेकली."

काशामिस्त्रीला ते सगळं समजलं. हातातला पान्हा खाली ठेवून तो रघूसमोर उभा राहिला. हंसावहिनी दारात येऊन थबकली. मला वाटलं, भावाने बोटीवरून उतरवलं तेव्हा हा असाच उभा राहिला असेल. मग त्याने विचारलं, आई कुठे आहे. रघूने व्हॅनकडे बोट केलं. तालुक्याच्या दवाखान्यात दाखवायला तिला कसंबसं आणलं होतं, ती मागच्या सीटवर पडून होती.

काशामिस्त्री व्हॅनच्या दारात पायरीवर बसला. मीही मागोमाग गेले, कारण जानकीचा आवाज इतका बारीक झाला होता की तो त्याच्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. आत अंधार असल्याने त्याला तिचे ओठही दिसत नव्हते. तो विचारत होता, बाय, गाडी कशी चालते? ती काहीतरी म्हणाली. मी ओरडून त्याला सांगायला लागले तसा त्याने मला हाताने थांबवलं आणि आपला तळहात तिच्यापुढे धरला. "कशी चालते ती इथं वाजव."

जानकीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. तारपा वाद्याच्या तालावर उभं आयुष्य नाचलेली बाई ती. तिने त्याच्या काळ्या तळहातावर दोन बोटांनी ठोके दिले. टक, टक, आणि एक रिकामी जागा. टक, टक, रिकामी जागा. पुन्हा पुन्हा तसंच. काशामिस्त्रीचा चेहरा बदलला. त्याने विचारलं, केव्हा? तिने खिडकीतून उगवतीकडे बोट दाखवलं. मग? मग तिने थोडं थांबून सरळ तीन ठोके दिले, सारखे, एकामागून एक.

हळूहळू सगळा उलगडा झाला. दवाखान्याच्या दिवशी रघू सकाळी आईला उचलून आधी गाडीत ठेवायचा, गाडी चालू करायचा आणि मग फाईल, डबा, गुरांचं वैरणपाणी बघायला घरात जायचा. रात्रभर गार झालेल्या त्या इंजिनाजवळ तेवढा वेळ ती एकटीच असायची. एक सिलिंडर बंद असायचा तो थोड्या वेळाने सुरू व्हायचा. रघू येऊन बसेपर्यंत गाडी ठीक झालेली असे. आणि गॅरेजवाल्यांनी तर तिला कायम दुपारी, तापलेलीच पाहिली होती. रघूने आईला विचारलं, तू बोलली का नाहीस? जानकी म्हणाली, "मना कोणी इचारलंच नाय."

हे वाक्य काशामिस्त्रीला मी ओरडून सांगितलं. ते ऐकून त्याने जानकीपुढे स्वतःचे कान पकडले.

व्हॅन त्याने ठेवून घेतली आणि त्या दोघांना, जानकीला उचलायला एक माणूस जोडून देऊन, शेअर जीपने परत पाठवलं. जाताना जानकीला म्हणाला की सोमवारी तू वापीला जाशील. रघूने मान हलवली नाही. त्या रात्री हंसावहिनी भिंतीपलीकडे बराच वेळ बोलत होती आणि या वेळी त्याच्या तोंडावर, ऐकू जाईल अशा आवाजात. नाही जमलं तर नाही म्हण, तिला खोटी आशा लावू नको, असं काहीतरी. मलाही झोप नव्हती. सोमवारची पाळी चुकली तर काय होईल हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

उजाडलं तशी मी बाहेर आले. त्याने गार इंजिन चालू केलं आणि स्क्रूड्रायव्हर दातांत धरला. मग हसला. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच. मला जवळ बोलावून इंजिनवर हात ठेवायला सांगितलं. दोन धक्के आणि रिकामी जागा, मलाही लागले. मागून पांढरा धूर येत होता. बंद करून त्याने तिन्ही प्लग काढले. दोन तपकिरी, राखेच्या रंगाचे. तिसरा स्वच्छ, धुतल्यासारखा. "ही रोज रात्री न्हाते," तो म्हणाला. म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट, पाणी अडवणारी पातळ पट्टी, एके जागी फुटलं होतं. रात्री रेडिएटरचं पाणी झिरपून त्या सिलिंडरमध्ये उतरायचं, म्हणून सकाळी तो चालायचा नाही. दिवसा सिलिंडरची जळकी हवा उलट पाण्यात शिरायची, म्हणून गाडी उकळायची. तापणं आणि मिसिंग असे दोन रोग नव्हतेच, एकच होता.

गॅस्केट उगाच फुटत नाही हेही त्याला माहीत होतं. कधीतरी इंजिन फार तापलं असणार. म्हणून तो गाडीच्या तोंडाशी गेला, वाकला आणि जाळ्याला हात घातला. तारा तोडून ते ओढलं तर त्याच्याबरोबर अख्खा थर सुटून आला. पेंढा, किडे आणि पावसाळ्याचा चिखल, वाळून भिंतीवरच्या गोवरीसारखा घट्ट झालेला. रेडिएटर आतून साफ करताना त्याने जाळं नुसतं वरवर झटकून परत बांधलं होतं, विणीत बसलेला थर तसाच राहिला होता. वारा त्यातून जाणंच शक्य नव्हतं. ते हातात धरून तो खाली बसला. समुद्रात जाळं रोज धुतात, झटकतात, वाळवतात. रस्त्यावर ते कोण धुणार? हे कोळ्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

रघू सकाळीच आला, आशा सुटत नव्हती म्हणून. त्याच्यापुढे काशामिस्त्रीने ते जाळं जमिनीवर ठेवलं. "हे माझं," तो म्हणाला. "तुझ्या आईला रस्त्यावर मीच बसवली. कान नाय, हे जाळं."

रघूने त्या गोवरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि काशामिस्त्री पुन्हा कधी पान्हा हातात धरणार नाही. रघू म्हणाला, "मंग आता नीट करा." आणि बाह्या वर सारून त्याच्याशेजारी बसला.

हेड सोडवून वापीच्या लेथवर घासून आणायला रविवार असूनही काशामिस्त्रीने एका ओळखीच्या माणसाला झोपेतून उठवलं. संध्याकाळपर्यंत नवं गॅस्केट बसलं. सोमवारी सकाळी गाडी पाड्यावर उभी होती आणि काशामिस्त्री मागच्या सीटवर, जानकीच्या शेजारी, पुढे वाकून पुढच्या सीटखालच्या लोखंडावर, इंजिनवर तळवा ठेवून बसला होता. जानकीला यायचं नव्हतं. त्याने तिला हे एवढंच सांगितलं म्हणे की एकदा माझ्यासोबत चल, थांबली तर मी तुला खांद्यावर घेऊन जाईन. ती हसली आणि बसली.

मी शाळेत होते, पण माझं लक्ष फोनवर. तिसऱ्या तासाला रघूचा फोन आला. "पोचलो बाई. काटा निम्म्यावर पण नाय आला. आयेला आत घेतली." वर्गात मुलं बघत होती आणि मला रडू आवरेना. एवढं हलकं मला माझ्या स्वतःच्या कुठल्या चांगल्या बातमीनेही कधी वाटलं नव्हतं. हंसावहिनीला मी फोन केला तेव्हा ती काही न बोलता नुसती हुंदके देत राहिली, आणि तिची न बोलण्याची ती पहिलीच वेळ.

पुढचे दोन आठवडे काशामिस्त्री धंदा सोडून तलासरी नाक्यावर ब्लेड घेऊन उभा असायचा. दिसेल त्या गाडीला थांबवायचा आणि आपलं जाळं कापून काढायचा. लोक भांडायचे. अहो, तुम्हीच तर बांधलं, चांगलं आहे, राहू द्या. तो सगळ्या नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचा, "चुकलं माझं. काढ." आपली चूक इतक्या मोठ्याने सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. धंदा मात्र त्यामुळे कमी झाला नाही, उलट वाढला. नाक्यावर त्याला बहिरा म्हणणारेच आता गाडीतल्या म्हाताऱ्यांना पुढे करून जबानी द्यायला घेऊन येत. कापलेली सगळी जाळी त्याने धुऊन चिंचणीला पाठवली आणि सोबत भावाला निरोप दिला की आता पाठवू नको. भाऊ दुसऱ्याच दिवशी स्वतः आला, पापलेट घेऊन. दोघे पत्र्याखाली बसून एकमेकांवर ओरडत जेवले. भावाचेही कान तोवर गेले होते.

माझी बदली झाली तो दिवस सोमवार होता. सकाळी सामान बांधून मी रस्त्यावर जीपची वाट बघत उभी होते. काशामिस्त्री गॅरेजपुढे खुर्ची टाकून बसला होता. सोमवारी आणि गुरुवारी तो तिथे त्याच वेळी बसायचा. रघूची व्हॅन आली आणि इंजिन चालूच ठेवून थांबली. मागची काच खाली झाली. काशामिस्त्री उठला, स्क्रूड्रायव्हर न घेता, आणि त्याने उघडा तळहात खिडकीत धरला. आतून जानकीचा हडकुळा हात बाहेर आला आणि त्यावर दोन बोटं टेकली. एक, दोन, तीन. सारखे. पुन्हा एक, दोन, तीन.

त्याने मूठ मिटली, खिडकीत वाकला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "गुरुवारी या."